लंकेची बंदरं: चौथ्या शीटपर्यंतची प्रगती

मंडळी, लंकेच्या बंदरांचे नकाशे हाताने काढायच्या माझ्या मालिकेतली चौथी शीट शाईत पूर्ण झाली. पेन्सिलीचं काम उन्हाळ्यातच उरकलं होतं. पण पावसाळ्यात बडोद्याची हवा इतकी दमट असते की हँडमेड कागदावर रोट्रिंग पेनची रेघ फुटते, म्हणून शाईला दसऱ्यानंतरच हात घातला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी काकांचं जुनं लाइट टेबल आहे. ते रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, आणि बारीक रेघ एका श्वासात ओढायची शिस्त त्यांनीच लावली.

जे नव्याने वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. श्रीलंका उत्तर-दक्षिण सुमारे 430 किलोमीटर आणि रुंदीला सुमारे 225. 1:10,00,000 प्रमाण घेतलं की ती 43 सेंटिमीटरची होते आणि ए-2 कागदावर उभी नीट बसते. पाच काळ, पाच शीटा, किनारा तोच. प्रत्येक शीटवर त्या काळचं पहिल्या क्रमांकाचं बंदर भरीव वर्तुळाने दाखवतो, आणि ज्याचा मान गेला ते पोकळ वर्तुळाने.

या कामात मी एक नियम ठरवून पाळतोय: बंदर शेवटी काढायचं. आधी राजधानी, मग नदी, तलाव, पीक, गाडीरस्ता, रूळ. मालाची ये-जा जास्त तिथे रेघ जाड. हे सगळं झालं की किनाऱ्यावर जिथे रेघा एकवटतात तिथे वर्तुळ. आपल्यापैकी बरेच जण बंदराचा नकाशा पाण्याच्या खोलीपासून सुरू करतात. मला वाटतं त्यामुळे बंदर का मोठं झालं ते नकाशात येतच नाही. पाठीमागचा मुलूख आधी काढून पाहा, बंदराचं भाग्य तिथेच लिहिलेलं दिसतं.

पहिल्या शीटवरचं मांतई हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. पाली ग्रंथांतलं महातित्थ ते हेच. मन्नार बेटासमोर, मुख्य भूमीवर. घोड्याच्या नालेच्या आकाराचं टेकाड, भोवती दुहेरी खंदक. मागे अनुराधपूर, आणि अनुराधपुराकडून वाहत येणारी मलवतू ओया, 164 किलोमीटर लांबीची. वाटेत भातशेतीला पाणी देणारे तलाव. समोरचा समुद्र मात्र उथळ. रामसेतूच्या पट्ट्यात पाणी बऱ्याच जागी एक ते तीन मीटर. जड जहाजाला तिथून पलीकडे जाता येत नाही. पण त्यामुळेच मांतईची भरभराट झाली. पश्चिमेकडून आलेला माल आणि पूर्वेकडून आलेला माल दोन्ही इथे उतरायचे, हात बदलायचे, लहान होड्यांत चढायचे. उत्खननात चिनी भांडी सापडली, इराणी आखाताकडची झिलईची भांडी सापडली, इ.स. 600 ते 700 च्या काळातली मिरी सापडली, आणि 900 ते 1100 च्या दरम्यानची लवंग. लवंगेचं झाड त्या काळी फक्त मलुकू बेटांवर होतं, आजच्या इंडोनेशियाच्या पार पूर्व टोकाला. एवढा प्रवास करून ती या उथळ किनाऱ्यावर उतरली. त्या एका लवंगेसाठी मी शीटच्या कोपऱ्यात खास लहान नकाशा काढलाय आणि मलुकूपासूनची वाट तुटक रेघेने दाखवलीय.

993 च्या सुमारास चोळांनी अनुराधपूर लुटलं आणि पोलोन्नरुवाला आपलं ठाणं केलं. मांतईचं नाव त्यांनी राजराजपुरम् ठेवलं, म्हणजे बंदराची किंमत त्यांना ठाऊक होती. तरी राजधानी पूर्वेला सरकली तसा मागचा मुलूख सैल पडत गेला. पाणी होतं तेवढंच उथळ राहिलं, सेतू होता तिथेच राहिला, आणि बंदर गेलं.

दुसरी शीट पोलोन्नरुवाची. इथून महावेली गंगा उत्तरेकडे वाहत त्रिंकोमालीच्या आखातात उतरते. त्रिंकोमाली म्हणजे जुनं गोकण्ण. प्रत्येक राजधानीला तिची नदी आणि नदीला तिचं बंदर, हे सूत्र मला या शीटवर पहिल्यांदा स्वच्छ दिसलं: अनुराधपूर–मलवतू ओया–मांतई; पोलोन्नरुवा–महावेली–गोकण्ण; आणि पुढे कोट्टे–केलनी–कोलंबो.

याच शीटवर उत्तरेला ऊरात्तुरै आहे, आजचं कायट्स. पहिल्या पराक्रमबाहूने बाराव्या शतकात कोरवलेला तमिळ शिलालेख शेजारच्या नैनातीवू बेटावर आहे. परदेशी व्यापाऱ्यांनी ऊरात्तुरैलाच यावं, त्यांना संरक्षण मिळेल, असं त्यात आहे. पुढचं कलम वाचून मी थक्क झालो. हत्ती-घोडे आणणारं जहाज फुटलं तर चौथा हिस्सा सरकारजमा आणि तीन हिस्से मालकाचे. इतर मालाचं जहाज फुटलं तर निम्मं-निम्मं. राजाला सैन्यासाठी हत्ती-घोडे हवे होते, म्हणून त्यांच्या व्यापाऱ्याला जास्त सवलत. बंदराचं धोरण इतकं नेमकं, तेही साडेआठशे वर्षांपूर्वी! हे कलम मी शीटच्या समासात मराठीत उतरवून घेतलंय.

तेराव्या शतकानंतर राज्यं नैर्ऋत्येच्या ओल्या पट्ट्याकडे सरकली आणि भरीव वर्तुळं त्या किनाऱ्यावर आली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1344 मध्ये कोलंबोला गेला तेव्हा ते बेटावरच्या मोठ्या आणि देखण्या शहरांपैकी एक होतं. गॉलचं नाव त्याच्या वृत्तांतात येतं, पण ओझरतंच. तिसऱ्या शीटवर सगळा रंग दालचिनीचा. पोर्तुगीज 1505 ला आले, डचांनी 1640 मध्ये गॉल आणि 1656 मध्ये कोलंबो घेतलं, आणि दोघांची नजर दालचिनीच्या सालीवर. कोलंबोच्या मागे दालचिनीचा मुलूख, तर गॉल बेटाच्या दक्षिण टोकाशी, बाहेरच्या समुद्राच्या तोंडावर. मायदेशी परतणारी डच जहाजं गॉलहून निघत. ही शीट अजून थोडी कोरडी वाटते, उजळणीला घेईन तेव्हा तिच्यावर सविस्तर लिहीन.

आता चौथी, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. 1840 च्या दशकापासून पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आगबोटी गॉलला थांबू लागल्या. कलकत्त्याची टपाल, चीनची टपाल, ऑस्ट्रेलियाची टपाल इथे बोटी बदलायची, इथे कोळसा भरायचा. युरोपच्या बातम्या आधी गॉलला उतरत आणि 1850 च्या दशकात कोलंबोचं वृत्तपत्र त्या कबुतरांकरवी मागवत असे. म्हणजे बेटाचं दार गॉल, आणि राजधानी दाराबाहेर निरोपाची वाट पाहत बसलेली. 1858 च्या सुमारास तारयंत्र आलं आणि कबुतरं थांबली.

तरीही माझ्या शीटवर गॉलच्या मागची रेघ बारीकच येते. कॉफी होती मध्य डोंगरांत, कँडीच्या आसपास. 1867 मध्ये कोलंबो ते कँडी रेल्वे पूर्ण झाली आणि डोंगरातला माल सरळ कोलंबोच्या किनाऱ्यावर येऊ लागला. कोलंबोला तेव्हा धड बंदर नव्हतं. मे ते सप्टेंबरच्या नैर्ऋत्य वाऱ्यात जहाजं उघड्यावर नांगर टाकून हेलकावत आणि माल पडावांतून ने-आण करावा लागे. गॉलचं आखात आडोशाचं, पण तोंडाशी पाण्याखाली खडक. 1659 मध्ये अवोंडस्टर हे डच जहाज याच आखातात बुडालं होतं. ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारी भिंत, कुठे बांधायचा, गॉलला की कोलंबोला, हा वाद बरीच वर्षं चालला. त्यातच 1869 मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि आगबोटींची गर्दी वाढली, मग निर्णय लांबवणं शक्य नव्हतं. गव्हर्नर विल्यम ग्रेगरींनी कोलंबोचा आग्रह धरला, अभियंते सर जॉन कूड यांचा आराखडा आला, डिसेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 1885 मध्ये सुमारे सव्वा किलोमीटरची नैर्ऋत्य भिंत उभी राहिली. पी अँड ओ त्याआधीच, 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला, कोलंबोला गेली होती. गॉलला रेल्वे पोहोचली 1894 ला. तोवर खेळ संपला होता.

इथे पाण्याची उणीव माणसाने दगडाने भरून काढली, कारण मागे रूळ होता. उलट करता आलं नसतं. गॉलचे खडक फोडता आले असते, पण कँडीचे डोंगर गॉलमागे नेता आले नसते. आपल्या बडोदेकरांना हे समजायला अवघड नाही. ओखा हे गायकवाडांच्या संस्थानाचं स्वतःचं बंदर होतं, पाणी चांगलं, पण राज्याचा सुपीक मुलूख इकडे, मही आणि नर्मदेच्या मधे.

मागं पडण्याचा एक फायदाही झाला. कोलंबोच्या किल्ल्याच्या भिंती इंग्रजांनी 1870 च्या सुमारास वाढत्या शहरासाठी पाडल्या. गॉलच्या भिंती पाडायची गरजच कोणाला पडली नाही, म्हणून त्या उभ्या आहेत आणि 1988 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गॉलमध्ये 1911 ला सापडलेला त्रिभाषी शिलालेख मात्र कोलंबोच्या संग्रहालयात आहे. चिनी दर्यासारंग झेंग ह याने आणलेला, 1409 चा, चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांतला. ते संग्रहालय 1877 मध्ये सुरू केलं ग्रेगरींनीच. गॉलच्या बोटी ज्याच्या आग्रहाने गेल्या, गॉलचा दगडही त्याच्याच वास्तूत गेला.

चारही शीटांवर मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो त्रिंकोमालीने. खोलीच्या छटा भरताना तिथे ब्रश सारखा गडद निळ्यात बुडवावा लागतो. इतकं खोल, इतकं बंदिस्त पाणी बेटावर दुसरीकडे कुठेच नाही. ब्रिटिश नौदलाने ते शेवटपर्यंत जपलं, 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी त्यावर हल्ला केला, 1957 मध्ये इंग्रजांनी तळ सोडला. आरमारासाठी उत्तम जागा. पण मागे कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख, रेल्वे आली ती 1920 च्या दशकात, आणि चहा, रबर, नारळ सगळं बेटाच्या दुसऱ्या अंगाला. पोलोन्नरुवाचा काळ सोडला तर पाण्याने सगळ्यात श्रीमंत असलेलं हे बंदर व्यापारात कधीच पहिलं आलं नाही. बंदर शेवटी काढायचा नियम का पाळतो, हे कोणी विचारलं तर मी त्रिंकोमालीवर बोट ठेवतो.

तंत्राबद्दल दोन गोष्टी. समुद्रतळासाठी जेब्कोचा (जगभरच्या समुद्रांच्या खोलीचा) खुला डेटा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, पण त्याची जाळी साधारण साडेचारशे मीटरची. पूर्ण बेटासाठी ती पुरते, गॉलच्या आखातासाठी नाही. तिथे जुन्या ब्रिटिश चार्टवरच्या फॅदममधल्या (खोलीचं जुनं माप) खोल्या हाताने मीटरमध्ये उतरवल्या. दुसरं, पोकळ वर्तुळाच्या आत कागद कोरा सोडू नका, नेहमीच्या राखाडीचा एक पातळ हात द्या. बंदर संपलेलं नसतं, मासेमारी आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारा लहान व्यापार सुरूच असतो.

राहिली पाचवी, आजची शीट. कोलंबो वर्षाला 20 फुटी मापाचे 70 लाखांहून जास्त कंटेनर हाताळतं, आणि त्यातले बहुतेक लंकेचे नाहीतच. ते मुख्यतः भारताकडे जाणारे-येणारे, फक्त बोट बदलण्यासाठी उतरलेले. मांतईचंच काम, शेकडो पट मोठ्या प्रमाणावर. हंबनटोटाचं बंदर 2010 मध्ये सुरू झालं, 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, मुख्य सागरी मार्ग अगदी जवळ. पण पाठीमागून येणाऱ्या रेघा अजून मला बारीकच काढाव्या लागताहेत. आणि मे 2025 मध्ये केरळात विळिंजमचं बंदर रीतसर सुरू झालं, नैसर्गिक खोली मोठी, हेतू हाच की भारताचे कंटेनर कोलंबोला जाऊ नयेत. म्हणजे कोलंबोच्या मागचा मुलूख आता भारतात आहे, आणि एकट्या बेटाची चौकट तो दाखवू शकत नाही. म्हणून पाचव्या शीटपुरतं प्रमाण 1:20,00,000 करायचं ठरवलंय. बेट निम्मं होईल, पण डावीकडे केरळ आणि वर तमिळनाडू येईल, आणि रेघा कुठून सुटतात ते दिसेल.

त्या शीटला मोठा समुद्र रंगवायचाय. हँडमेड कागदावर एवढ्या क्षेत्रात सपाट वॉश देताना डाग पडू न देण्यासाठी कागद आधी किती ओला करता, आणि बोर्डला ताणून चिकटवता की सुटाच ठेवता, हे ज्यांनी केलंय त्यांनी जरूर सांगा. पेन्सिलीचा आराखडा संक्रांतीपर्यंत तयार होईल.