आणखी एक नऊ केवढ्याला पडतो?

माझा मावसभाऊ नागपूरच्या मिहानमधल्या एका आयटी कंपनीत लागलाय. फोनवर त्याचा हल्ली एकच प्रश्न असतो, "दादा, शिकू तरी काय? इकडे सगळे एआयच करून राहिले ना." इथे सिएटलला माझे रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि तिकडे तो गाडी काढून ऑफिसला निघालेला असतो. उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे लिहितो.

सॉफ्टवेअर बांधण्याआधी आराखडा तपासायची बैठक होते, त्या इथल्या डिझाइन रिव्ह्यूत पहिला प्रश्न असतो: कशावर पाणी सोडणार? समजा, सर्व्हिस 99.9 टक्के वेळ चालू ठेवायचं ठरलं. मग महिन्याला साधारण 43 मिनिटं बंद पडायची मुभा मिळते. याला एरर बजेट म्हणतात. गूगलच्या एसआरई, म्हणजे सिस्टम भरवशाने चालू ठेवणाऱ्या टीम्सनी ही पद्धत रूढ केली. एवढ्या वेळात ऑन-कॉल, म्हणजे बिघाडासाठी पाळीवर असलेल्या इंजिनिअरला उठवलं, त्याने लॉग, म्हणजे सिस्टमच्या नोंदी बघून कालची रिलीज (सोडलेली नवी आवृत्ती) मागे घेतली, तरी भागतं. आता कोणी म्हणालं, आणखी एक नऊ जोडा, 99.99 हवं. मुभा उरली जेमतेम सव्वाचार मिनिटं. माणूस डोळे चोळत पासवर्ड टाकेपर्यंत ती संपते! म्हणजे माणसावर विसंबताच येत नाही. सगळं दुसऱ्या डेटा सेंटरमध्येही उभं करा, बिघाड झाला की वापरणाऱ्यांचं ट्रॅफिक आपोआप तिकडे वळवा, रिलीज टप्प्याटप्प्याने सोडा. खर्च चढतो, नवी फीचर्स मागे पडतात. बँकेच्या पेमेंटसाठी हे करावं. ऑफिसातल्या अंतर्गत रिपोर्टसाठी केलं तर पैशाचा नुसता चुराडा.

असाच तोल अचूकपणा आणि तत्परता यांतही साधावा लागतो. विदर्भ एक्सप्रेसची एकच बर्थ दोघांना देऊन चालणार नाही; तिथे सिस्टमने क्षणभर ताटकळत ठेवलं तरी बेहत्तर. अ‍ॅमेझॉनने 2007 साली डायनॅमो या डेटा साठवण्याच्या सिस्टमवर पेपर प्रसिद्ध केला. त्यात शॉपिंग कार्टसाठी उलटं ठरवलेलं दिसतं: ग्राहकाने टाकलेली वस्तू कधी नाकारायची नाही, मग काढलेली वस्तू क्वचित पुन्हा दिसली तरी हरकत नाही. कॉलेजातल्या प्रत्येकाने हा पेपर वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

पचायला जड जातं ते पुढचं. हा तोल कंपनीच्या वरच्या मंडळींकडून बदलतो. नवं फीचर की सुरक्षा, असा पेच आला तर सुरक्षा निवडा, असं बिल गेट्स यांनी जानेवारी 2002 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्यांना कळवलं होतं. मे 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सीईओ सत्या नडेला यांना जवळपास तेच पुन्हा लिहावं लागलं. 22 वर्षांनी!

पैशाचंही तसंच. अमेरिकेत व्याजदर शून्याजवळ होते तोवर कंपन्यांनी भरभरून माणसं घेतली. मार्च 2022 पासून दर चढू लागले. जानेवारी 2023 मध्ये गूगलने 12,000 आणि मायक्रोसॉफ्टने 10,000 जणांची कपात जाहीर केली. मग पैसा एआयच्या डेटा सेंटर्सकडे वळला. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस असतात. त्या दिवसांतली मित्रांची घरं मी पाहिली आहेत: मुलांची शाळा, घराचं भाडं, आणि धरमपेठेतल्या आईला फोनवर "सगळं ठीक आहे गं".

माझ्या तेव्हाच्या कंपनीत बॅकअप तपासण्याचं काम अर्ध्यावर थांबवलं आणि टीम एआयच्या प्रोजेक्टवर नेली. प्राधान्य बदललं याचा मला राग नाही. पैसा मर्यादित असतो, कंपनीला निवड करावीच लागते. राग याचा की आपण कोणती जोखीम अंगावर घेतोय, हे कोणीच लिहून ठेवलं नाही. पुढे खरोखर डेटा परत आणायची वेळ आली, तेव्हा कोणती पायरी तपासलेली आहे हे सांगणारा माणूस कंपनीत उरला नव्हता.

म्हणून मावसभावाला सांगितलं, एआय शिकच, त्याला इलाज नाही. पण टीमच्या प्रत्येक मोठ्या निर्णयाखाली लिही: काय सोडलं, का सोडलं, पुन्हा कधी तपासायचं. परवा त्याने असं पहिलं पान पाठवलं. रिपोर्ट दिवसातून एकदा, रात्री ताजा होईल, दिवसभर आकडे जुने दिसतील, खर्च वाचेल, क्लायंटला मान्य, वापर वाढला की पुन्हा बसू. छान लिहिलंय. मी एवढंच विचारलं, "क्लायंटकडून मान्य कोणी केलं? त्याचं नाव आणि तारीख टाक."