खांबामागची जागा

मँचेस्टरला आमच्या ओळखीची चार-पाच मराठी घरं आहेत आणि सगळीच्या सगळी मँचेस्टर युनायटेड ह्या फुटबॉल क्लबची. मार्च 2025 मध्ये युनायटेडने एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमचा बेत जाहीर केला. तेव्हापासून त्यांच्याकडे जेवायला गेलं की वरण वाढायच्या आत प्रश्न येतो, "ताई, तुमचं तर होऊन गेलं. खरं सांगा, नवं स्टेडियम हवंच होतं का?" तुमचं म्हणजे लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचं, माझ्या संघाचं. विचारायची तऱ्हा अशी, की जणू माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांना नुकतीच तारीख मिळालीय.

पानावर बसून मी काहीतरी अर्धवट बोलते आणि विषय बदलते. आता इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

हो, हवं होतं. आणि माझं हे उत्तर बायकांच्या संडासापासून सुरू होतं. तुमचं ओल्ड ट्रॅफर्ड 1910 चं, आमचं गुडिसन पार्क त्याहून अठरा वर्षांनी थोरलं, 1892 चं. त्या काळातली मैदानं पुरुषांनी पुरुषांसाठी बांधली. पुढे शंभर वर्षांत त्यांना कितीही ठिगळं लावली, तरी पंधरा मिनिटांच्या मध्यंतरात बायकांची रांग कशी संपावी, हे गणित कुणाच्या नकाशात नव्हतं. सामन्याच्या दिवशी मी सकाळी दहानंतर चहा घेत नसे. इंग्लंडात राहून आणि कोल्हापूरची असून. जुन्या मैदानाबद्दल गहिवरून लिहिणाऱ्या पुरुषांच्या लेखांत ही गोष्ट मला कधी सापडली नाही.

मी शिवाजी पेठेतली. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठेची ईर्षा, तालमीचा झेंडा (आमचे संघ तालमींचेच), हलगी आणि गुलाल. वडील आणि भाऊ शाहू स्टेडियमवर जायचे. आम्हा मुलींना सामना कळायचा तो गल्लीतल्या फटाक्यांवरून. फटाके वाजले म्हणजे आमच्या शिवाजी संघाने सामना घेतला. वाजले नाहीत म्हणजे पाटाकडीलने घेतला, आणि मग त्या रात्री वडिलांना जेवायला दोनदा हाक मारायची नाही. एवढ्या फुटबॉलमध्ये वाढून मी मैदान आतून पहिल्यांदा पाहिलं ते नर्स म्हणून लिव्हरपूलला आल्यावर, 2009 साली.

नेलं आमच्या वॉर्डातल्या सीनियर नर्सने. तिला मी मनात बाईच म्हणते, इथेही तेच म्हणेन. घटस्फोटात घर नवऱ्याला गेलं आणि दोन्ही सीझन तिकिटं (हंगामभराचे पास) बाईला मिळाली. ह्या वाटणीबद्दल तिची तक्रार मी कधी ऐकली नाही. त्यातली रिकामी झालेली जागा माझी. गुडिसनच्या बुलेन्स रोड स्टँडचा वरचा मजला, लाकडी जमीन, लाकडी खुर्ची, आणि खुर्चीसमोर दोन ओळी सोडून छपराला आधार देणारा खांब. हा स्टँड आर्चिबाल्ड लीच ह्या स्कॉटिश अभियंत्याने 1926 साली उभा केलेला. सज्जाला पोलादी पट्ट्यांची फुल्याफुल्यांची नक्षी, तीही त्याचीच. नक्षी फार देखणी. खांबाने मात्र माझी एका बाजूची मोठी डी खाल्लेली. (पेनल्टी एरियाला कोल्हापुरात मोठी डी म्हणतात. मी पन्नाशीला आले तरी तेच म्हणणार.)

त्या बाजूला काय चाललंय ते मला डावीकडचे काका सांगायचे. त्यांना डी दिसायची, पण त्यांच्या वाट्याच्या खांबामागे कॉर्नरचा झेंडा लपलेला. तो मला दिसायचा. मग ते "पाडला, पाडला!" म्हणून ओरडायचे आणि मी "कॉर्नर, आपलाच!" म्हणायचे. बाई दोघांच्या मध्ये, तिला दोन्हीकडचं थोडंथोडं दिसायचं आणि रेफरीला शिव्या द्यायचं खातं तिच्याकडे. पंधरा-सोळा वर्षं हा कारभार चालला.

आता वादाचं. तुम्हाला वाटत असेल की एकीकडे हट्टी म्हातारे आणि दुसरीकडे पैशावर डोळा असलेले मालक. तसं नव्हतं. मी आले तेव्हा हा वाद आधीच जुना झालेला होता आणि एकाच घरात दोन-दोन पक्ष होते. आधी किंग्ज डॉकवर 55,000 प्रेक्षकांचं स्टेडियम होणार होतं, सरकत्या छपराचं. पैसे उभे राहिले नाहीत आणि 2003 मध्ये ते बारगळलं. मग किर्कबीला जायचं ठरलं, शहराच्या हद्दीबाहेर, एका मोठ्या सुपरमार्केटच्या जोडीने. 2007 मध्ये चाहत्यांचं मतदान घेतलं, 59 टक्के हो म्हणाले. बाईचं मत विरोधात. तिचं म्हणणं, ह्या शहरात दोन क्लब आहेत, त्यातला एक शहर सोडून गेला की उरलेल्याचं शहर झालं. हे मला लगेच कळलं. तालीम पेठेतून उठवून हायवेला नेली तर तिला तालीम कोण म्हणेल? शेवटी 2009 च्या नोव्हेंबरात सरकारनेच तो बेत फेटाळला.

ह्यावर युनायटेडवाले हमखास विचारतात, मग आहे तिथेच का नाही वाढवलं? लिव्हरपूल क्लबने नाही का त्यांचं ॲनफिल्ड मैदान वाढवलं? वाढवलं, खरं आहे. त्यांचीही नव्या स्टेडियमची योजना होती, ती 2012 मध्ये सोडून त्यांनी जुनंच मोठं केलं आणि आज तिथे 61,000 लोक बसतात. त्यासाठी आजूबाजूची घरं घेऊन पाडावी लागली, ते वेगळं. गुडिसनला तेवढीही सोय नव्हती. एका अंगाला ग्लॅडिस स्ट्रीटची घरं, दुसऱ्या अंगाला शाळा, आणि कोपऱ्यात सेंट ल्यूक्स चर्च, तेही मैदानाला असं खेटून की दोन स्टँडच्या मध्ये डोकावल्यासारखं दिसतं. त्या चर्चमध्ये सामन्याच्या दिवशी चहा आणि केक मिळायचा. मी घेत नसे, कारण वर सांगितलंच आहे. 39,000 च्या आसपास माणसं मावायची आणि त्यातल्या कितीतरी जागांवरून मैदान पूर्ण दिसायचं नाही. एक वीट हलवायची तर रस्ता हलवावा लागला असता.

म्हणून नदीकाठचा ब्रॅमली-मूर डॉक निवडला, 1848 चा. मर्सीच्या काठची ती गोदी जागतिक वारशाच्या यादीत होती. जुलै 2021 मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचं नाव यादीतून काढलं. काठावरच्या नव्या बांधकामांचं कारण दिलं, त्यात आमच्या स्टेडियमचा बेतही होता. पुढच्याच आठवड्यात काम सुरू झालं. गोदीतलं पाणी हटवून आयरिश समुद्रातून उपसलेली सुमारे 4,80,000 घनमीटर वाळू तिथे भरली. ऑगस्ट 2023 मध्ये बांधकामावर एक तरुण कामगार दगावला, तो स्वतः एव्हर्टनचा चाहता होता. बाई त्याच्यासाठी गुडिसनच्या भिंतीशी फुलं ठेवून आली. त्यानंतर काही महिने आमच्यात स्टेडियमच्या छपराची चर्चा कुणी चवीने केली नाही.

हा पुढचा भाग युनायटेडवाल्यांनी कान देऊन ऐका. घर बांधायला काढलं की घरातली भांडीकुंडी विकायची वेळ येते, तसं आमचं झालं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर 2022 मध्ये एका रशियन धनाढ्याच्या कंपन्यांशी असलेले प्रायोजकांचे करार थांबवावे लागले, आणि नव्या स्टेडियमची भिस्त बरीचशी तिकडेच होती. कर्जाचं व्याज, हिशेबाचे नियम मोडल्याची चौकशी, 2023-24 च्या हंगामात एकूण आठ गुण वजा. त्याच्या आदल्या हंगामात तर शेवटच्या दिवशी, 28 मे 2023 ला, बोर्नमथविरुद्ध आमच्या डुकुरेचा एक गोल झाला म्हणून आम्ही वरच्या श्रेणीत राहिलो. नाहीतर कदाचित ते चकाचक स्टेडियम दुसऱ्या श्रेणीच्या सामन्याने उघडलं असतं. विटा वर चढत होत्या आणि संघ खाली घसरत होता. डिसेंबर 2024 मध्ये मालक बदलले तेव्हा कुठे श्वास घेतला.

माझ्या भावाला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "एवढं कशाला करालाय? घरातनं चालत जाता येतंय तोवर स्टेडियम कसलंबी असंना." मी त्याला हसले होते. पण बाई वॉल्टनमध्ये राहते, गुडिसन तिला दहा मिनिटांवर. आता तिला सँडहिल्स स्टेशनला उतरून गोदीच्या रस्त्याने वाऱ्यात चालावं लागतं, आणि मर्सीचा वारा म्हणजे पंचगंगेच्या घाटावरची झुळूक नव्हे.

18 मे 2025. गुडिसनवरचा पुरुषांचा शेवटचा सामना, साउदॅम्प्टनविरुद्ध, दुपारी बाराला. सकाळी आठपासून रस्ते निळे. आम्ही 2-0 जिंकलो, दोन्ही गोल एनडियायने पहिल्या अर्ध्यात मारले. दोन्ही माझ्या खांबामागे. काकांनी ओरडून सांगितलं तेव्हा मला कळलं. बाई हसून हसून रडली की रडता रडता हसली, मला सांगता येत नाही.

24 ऑगस्ट 2025 ला नव्या ठिकाणी पहिला लीग सामना झाला. गुडिसनचं उद्घाटनही 24 ऑगस्टलाच झालेलं, 1892 मध्ये. ब्रायटनला 2-0 हरवलं, आमचा गोलकीपर पिकफर्डने पेनल्टी अडवली, आणि मी ती अडवताना पाहिली. सगळी पाहिली. 52,000 च्या वर जागा आणि मधे एक खांब नाही. मध्यंतरात गेले आणि खेळ सुरू व्हायच्या आत परत आले. त्या दिवशी सकाळी दोनदा चहा घेतला होता, मुद्दाम.

तर नव्या स्टेडियमला माझं काही म्हणणं नाही. चुकलं ते दुसरीकडेच. नव्या ठिकाणी एकत्र जागा हव्या असतील तर एकत्र नावं द्यावी लागतात. आम्हाला काकांचं आडनावच माहीत नव्हतं. फोन नंबर तर नाहीच. त्यांच्या मुलीचं लग्न, बायकोचा मोतीबिंदू, कुत्र्याचं पोट, सगळं माहीत. आडनाव कधी लागलंच नाही, शनिवारी माणूस तिथे असायचाच. अर्ज भरायच्या वेळी आम्हाला वाटलं ते विचारतील, त्यांना वाटलं आम्ही विचारू. त्यांनी गुडघ्यांमुळे खालच्या ओळीत जागा घेतली, आम्ही वर. तेव्हा युनायटेडवाल्यांनो, एक लाख की नव्वद हजार ह्यावर भांडायचं तेवढं भांडा, पण त्याआधी शेजारच्याचा नंबर घ्या. आज घ्या. तिकिटाचे दर काय असतील ते विचारायला नंतरही वेळ मिळेल, उत्तर तसंही आवडायचं नाही.

एक राहिलं. गुडिसनच्या मैदानाच्या कडेला आठशेहून जास्त चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. पुढे जागाच उरली नाही म्हणून क्लबने ते बंद केलं. बाईच्या वडिलांच्या तिथेच आहेत. मैदान पाडून तिथे घरं, दवाखाना वगैरे करायची मूळ योजना होती, त्यामुळे बाईचा नव्या स्टेडियमला असलेला खरा विरोध तो होता, बाकीचं ती बोलायला म्हणून बोलायची. मे 2025 मध्ये जाहीर झालं की गुडिसन पाडायचं नाही, तिथे एव्हर्टनचा महिला संघ खेळेल. मी धावत जाऊन तिला बातमी दिली. ती इंजेक्शन भरत होती. हातातलं पुरं करून म्हणाली, "म्हणजे आता बाबांना कायम बायकांचा फुटबॉल बघावा लागणार. आवडायचं नाही त्यांना."

आम्ही दोघी आता तिथेही जातो. कोल्हापुरात फटाक्यांवरून सामना ओळखणाऱ्या पोरीला हे सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

काका मध्यंतरी एकदा भेटले, नव्या स्टेडियमच्या आवारात, पाय नावाच्या पेस्ट्रीच्या रांगेत. तब्येत बरी वाटली. कुत्रा गेला म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "वरून कसं दिसतं?"

"सगळं दिसतं," मी म्हटलं.

"मलाही," ते म्हणाले.

रांग पुढे सरकली. ह्या वेळी मी फोन हातात काढूनच ठेवला होता.