आमची वाटचाल : एका चंदेरी वेलीसोबत

घरात वाढणारी सगळ्या तऱ्हेची झाडं विकण्यापासून आमची सुरुवात झाली. फिलोडेंड्रॉन, फर्न, स्नेक प्लांट, मनीप्लांट, जे मागितलं जाईल ते आम्ही ठेवायचो. आज आमच्या शेडमध्ये मुख्यतः एकच वेल आहे : सिंडॅप्सस पिक्टस, म्हणजे चंदेरी नक्षीचा सॅटिन पोथॉस. यादी एवढी आखडती घेण्याचा निर्णय धंद्याच्या दृष्टीने धाडसाचा होता. पण ही वेल आम्हाला मनापासून आवडते, आणि तिला नीट वाढवायला जो वेळ लागतो तो बाकी पसारा सांभाळून देता येत नव्हता.

या वेलीची शास्त्रीय नोंद हास्कार्ल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये केली. तिचं मूळ घर दक्षिण आणि आग्नेय आशियातली दमट जंगलं, जावा, सुमात्रा, बोर्निओ वगैरे. तिथे ती झाडांच्या खोडांना चिकटून वर चढते. दिसायला मनीप्लांटची बहीण वाटली तरी तिची प्रजाती वेगळी. पांढऱ्या-पिवळ्या छटांच्या मनीप्लांटमध्ये त्या फिक्या भागात हरितद्रव्य फार कमी असतं. सिंडॅप्ससच्या चंदेरी ठिपक्याखाली ते शाबूत असतं. पानाची वरची त्वचा आणि तिच्याखालच्या हिरव्या पेशी यांच्यात हवेची बारीक पोकळी राहते, तिथून प्रकाश परततो आणि पान चमकतं. म्हणूनच उजेड कुठून येतो यावर या वेलीचं सगळं रूप अवलंबून आहे. पुढे ग्राहकांच्या घरी वेल मांडून देण्याच्या आमच्या कामाचा पाया हाच ठरला.

आधी रोपांविषयी. ही वेल मनीप्लांटइतक्या झपाट्याने वाढत नाही. छाटकलम घेताना कांडीवर किमान एक पेर, म्हणजे पान आणि मुळं जिथून फुटतात तो सांधा, हवंच. पेराविना नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला कधी मुळं फुटली तरी वेल होत नाही. आम्ही मातृवेलींवरून एक-दोन पेरांच्या कांड्या घेतो, दमट शेवाळात किंवा कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) यांच्या मिश्रणात रुजवतो आणि मुळं धरल्यावर अनेक कांड्या मिळून एक कुंडी भरतो. एकट्या कांडीची कुंडी बराच काळ विरळ दिसते, कारण फुटवे आपणहून फारसे येत नाहीत. मुळं कुंडीत स्थिरावून नवं पान पूर्ण उघडल्याशिवाय रोप आम्ही बाहेर पाठवत नाही. घाऊक मागणी करणाऱ्यांना हे अडचणीचं वाटतं, काही मागण्या त्यामुळे हातच्या गेल्याही, तरी नियम कायम आहे. कच्च्या मुळांचं रोप दुसऱ्याच्या घरात मरू द्यायचं नाही.

मांडणीचं काम ग्राहकांमुळेच सुरू झालं. रोप घरी नेल्यावर ‘इथल्यासारखं दिसत नाही’ असं अनेक जण सांगायचे. जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा कुंडी खिडकीच्या नेमकी समोर असायची आणि मागे पांढरी भिंत. आम्ही वेल खिडकीच्या बाजूला सरकवायचो, म्हणजे उजेड पानांवर तिरका पडतो आणि चंदेरी भाग उठून दिसतो. मागे गडद हिरवी, निळी किंवा मातकट भिंत असेल तर फारच छान. थेट ऊन मात्र नको, त्याने पान करपतं. पडद्याआडून येणारा भरपूर उजेड तिला मानवतो. अंधाऱ्या कोपऱ्यात ती तग धरते, पण पेरांमधलं अंतर वाढतं आणि नवी पानं लहान येतात.

टांगलेल्या कुंडीतून खाली सोडलेली वेल सुंदर दिसते, यात वाद नाही. आमचा जीव मात्र चढणाऱ्या वेलीत आहे. शेवाळाचा किंवा काथ्याचा खांब ओलसर ठेवला की हवाई मुळं त्याला धरतात आणि वर जाताना पानं मोठी होत जातात. सपाट, खरखरीत लाकडी फळीवर चढवली तर कोवळ्या वेलीची पानं फळीला लागून एकावर एक कौलांसारखी बसतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा याच फळ्यांची होते. अशा मांडणीसाठी बारीक ठिपक्यांचं ‘आर्गिरियस’ हे वाण आम्हाला उजवं वाटतं. मोठ्या पानांची, चांदीचे मोठे डाग असलेली ‘एक्झॉटिका’ खांबावर खुलते.

प्रत्येक रोपासोबत आम्ही थोडं बोलतो. पान आतल्या बाजूला गुंडाळलं आणि माती कोरडी असेल तर वेलीला तहान लागली आहे. पाणी दिलं की ते पुन्हा उलगडतं. पानं पिवळी पडत असतील आणि माती ओली असेल तर पाणी थांबवून मुळं तपासावीत, ती कुजत असू शकतात. वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी द्यावं. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की वेलीची वाढ खुंटते, आणि एसीचा झोत तर कधीच नको. पानांच्या मागची बाजू अधूनमधून पाहावी, फुलकिडे आणि लाल कोळी तिथेच लपतात. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. चावल्यास तोंडाची आग होते. त्यामुळे घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर उंचावर टांगायची कुंडीच द्यायची, खांबाचा हट्ट धरायचा नाही, हे आम्ही ठरवून टाकलं आहे.

सध्या ‘मूनलाइट’ या वाणाच्या मातृवेली तयार होत आहेत. ती सिंडॅप्सस ट्रूबाय या दुसऱ्या जातीतली, लांबट पानाच्या मधोमध चंदेरी पट्टा असलेली आणि वाढीला पिक्टसहूनही संथ. विचारणा बरीच आहे. मातृवेली पुरेशा लांब होऊन त्यांच्यावरून कांड्या घेता येईपर्यंत तिची नोंदणी आम्ही सुरू करणार नाही.