नॉट-आऊस

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी दोनला एसओपी लिहायला बसले होते, म्हणजे जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेशासाठी 'मला हेच का शिकायचंय' सांगणारा निबंध. रात्री नऊपर्यंत स्क्रीनवर एकच वाक्य होतं, आणि तेही माझं नव्हतं. जंगली महाराज रस्त्यावरच्या एका कन्सल्टन्सीने नमुना म्हणून दिलेल्या पानावरचं ते पहिलं वाक्य: लहानपणापासून मला यंत्रांचं विलक्षण आकर्षण होतं. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गातल्या निदान चौघांची सुरुवात हीच आहे. विचारून आले.

आकर्षण कसलं, मला मशीनची भीती वाटायची. दुसरी-तिसरीत असताना खंडेनवमीला पप्पांनी भोसरीला कंपनीत नेलं होतं. सगळ्या मशीनना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, एकही चालू नाही, तरी मी पप्पांचा शर्ट सोडला नव्हता. आता हे जर्मनीतल्या प्राध्यापकाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

बाकीची कामं त्या मानाने सोपी. वैताग आहे, पण काय करायचं ते तरी कळतं. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या अधिकृत गुणपत्रकासाठी, खिडकीवर चार चकरा झाल्या. चौथ्या वेळी कळलं की पहिल्या दिवशी भरलेला फॉर्म जुना होता. एपीएसचे, म्हणजे आपली कागदपत्रं खरी आहेत का ते तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचे, १८,००० रुपये भरले. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना हे सर्टिफिकेट लागतंच, त्याशिवाय व्हिसाचं नाव काढायचं नाही. मग मार्क. तिकडे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, आपल्या उलट. दहापैकी मिळालेले गुण दहातून वजा करायचे, सहाने भागायचे, तिनाने गुणायचे, त्यात एक मिळवायचा. माझे ७.६ तिकडे २.२ होतात. मी हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं कमी झालं व्हय गं?"

आजीमुळे एक फायदा मात्र झाला. रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकताना सगळ्यांनी 'दास मेडशेन'वर डोकं आपटलं. मुलगी आणि नपुंसकलिंगी? मला काहीच वाटलं नाही. साताऱ्याकडची आमची आजी मला जन्मापासून "आमचं पोरगं" म्हणते. "पोरगं आलं का कॉलेजातनं?" बाईंना हे सांगितल्यावर त्या खूप हसल्या.

शिफारसपत्राचं तर विचारूच नका. सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. मग परवा रात्री मी सर झाले आणि स्वतःची तोंडभरून स्तुती केली. 'ती अत्यंत शिस्तप्रिय आहे' हे लिहिताना आई मागून ओरडत होती की तीन दिवसांचे बादलीतले कपडे कोण धुणार.

पैशांचं गणित पप्पांनी वहीत मांडलंय. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, म्हणून श्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह यादीतून खोडलं. ब्रेमेन ठेवलंय. आईला यादीतलं तेवढं एकच नाव ओळखीचं वाटलं, कारण औंधला ब्रेमेन चौक आहे. खरा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा: ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, आणि तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ हातात येणार. "आपलेच पैसे, आपल्यालाच पगारासारखे?" इति आजी. पप्पांनी त्या आकड्याखाली एफडी, पीएफ, गावचा काका असं लिहून काकाच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.

तर, एसओपी.

नऊ वाजता पप्पा जेवून बाहेर आले, स्क्रीनकडे बघत म्हणाले, "एकच ओळ?" मी चिडून म्हटलं, तुम्हीच सांगा, मी मेकॅनिकल का घेतलं. ते म्हणाले, आपल्या मशीनवरचं काहीतरी लिही की. त्यांच्या सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, जी सेकंडहँड जर्मनीहून आलीय, लाल बटणाखाली 'नॉट-आऊस' असं लिहिलंय. वीस वर्षं सगळी पोरं ते इंग्रजी समजून 'नॉट अस' वाचायची. म्हणजे आपण नाही, हे दुसऱ्या कुणीतरी दाबायचं. मी सांगितलं की 'नॉट' म्हणजे संकट, 'आऊस' म्हणजे बंद. आता नव्या मशीनवर 'नॉट-हाल्ट' असतं, थांबा. पप्पा हसले आणि मग हसायचे थांबले.

म्हणाले, मी एकदा दाबलंय.

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. एका हेल्परचा हातमोजा चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून गरगर फिरणाऱ्या भागात, अडकला होता. दार उघडं होतं. दार उघडलं की मशीन थांबायला हवी, त्यासाठी स्विच असतो, पण त्याला जंपर मारलेला होता, म्हणजे तार जोडून तो निकामी केलेला होता. सेटिंगला वेळ जातो, माल वेळेत जायला हवा, म्हणून स्विच बंद ठेवायची पद्धतच होती. पोराचं नख गेलं, बोट राहिलं. "जंपर कुणी मारला होता?" मी विचारलं. पप्पा पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले.

मी दहा मिनिटं तशीच बसले. मग ती आकर्षणाची ओळ खोडली. लिहिलं की जो स्विच हात वाचवतो तोच कामात अडथळा वाटतो, हे डिझाइनचं अपयश आहे, आणि मला त्यावर काम करायचंय. इंग्रजी चुकतंय बहुतेक. पण कन्सल्टन्सीला दाखवणार नाही, ते पहिल्या ओळीत लहानपण घालतील.

आत्ता पप्पा पुन्हा बाहेर आले होते. दिवा बंद करायला, म्हणाले. मग दारात उभं राहून हळूच:

"कंपनीचं नाव नको टाकू हां. आणि जंपरचं लिहायचं असेल तर लिही, पण मी सांगितलं म्हणून नको."