लेकीला स्वयंपाकात घेतलं, त्याचा माझा अनुभव

माझी लेक सव्वाचार वर्षांची आहे. संध्याकाळी मी ओट्याशी गेलो रे गेलो की ही पायात, "बाबा मी पण करू?" बरेच दिवस मी रिकामं भांडं आणि चमचा हातात देऊन कटवायचो, ढवळ म्हणायचो, पण दोन मिनिटांत तिला कळायचं की हे खोटं काम आहे आणि मग भोकाड. शेवटी ठरवलं, खरं काम देऊन बघू, पसारा होईल तो होईल.

पहिल्या दिवशी पार वाट लागली. चूक माझीच होती, सुरुवातच आठ वाजता केली, दोघंही भुकेने चिडलेले, तिला प्लास्टिकच्या स्टुलावर उभं केलं तर ते सरकतंय, आणि वर सूपमध्ये मीठ टाकायला दिलं. पातेल्यावर हात नेला तशी वाफ लागली, ती दचकली आणि मिठाचा मोठा चमचा चमच्यासकट आत. हात लगेच नळाखाली धरला, नशिबाने नुसतं घाबरण्यावर निभावलं (भाजलंच तर साधं वाहतं गार पाणी, वीसेक मिनिटं, बर्फ नाही की टूथपेस्ट नाही). सूप मात्र खारट ढाण. बटाटा मीठ ओढून घेतो म्हणतात म्हणून टाकला, काडीचा फरक पडला नाही, मग पाणी आणि भाज्या वाढवत गेलो आणि दोन दिवस तेच सूप प्यायलो.

दुसऱ्या दिवसापासून साडेसहालाच सुरू केलं आणि तिचं सगळं काम खाली जमिनीवर, गॅसपासून लांब. मीठ तिने वाटीत मोजायचं, पातेल्यात मी टाकायचं. पातेल्याचा दांडा कायम आत भिंतीकडे वळवलेला. हात साबणाने धुवायचे आणि वीस आकडे सावकाश म्हणायचे, ती बाराच्या पुढे थेट एकोणीसवर जाते म्हणून मी सोबत म्हणतो.

सगळ्यात जमलेलं काम म्हणजे मटार सोलणं. शेंगेची शिवण कुठे दाबायची ते तिला सापडायलाच दोन संध्याकाळी गेल्या, आधी दाताने फोडायची, मग एकदा अंगठा बरोबर बसला आणि टक् आवाज झाला, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. आता प्रत्येक शेंगेतले दाणे मोजते, आठ निघाले की ओरडून सांगते. दहा शेंगांना वीस मिनिटं लागतात, मी तेवढ्यात कांदा चिरून, फोडणी देऊन मोकळा होतो. आणि गंमत म्हणजे ताटातल्या मटाराला शिवायची नाही ती पोरगी सोलताना कच्चे खात बसते, मी आपला तीनचारदा वाढून बघितलं आणि हिला आवडतच नाही म्हणून सोडून दिलं होतं.

उकडलेला बटाटा बोथट सुरीने कापते, बोटांची टोकं आत वळवून धरायची हे रोज सांगावं लागतं. अंडं वेगळ्या वाटीत फोडते, कवच पडलंच तर कवचाच्याच मोठ्या तुकड्याने उचलायचं, बोटापेक्षा पटकन निघतं. फक्त ते बोट तोंडात जाऊ द्यायचं नाही, लगेच हात धुवायचे. मिरचीपासून मात्र तिला लांब ठेवलंय, एकदा माझेच हात नीट न धुता तिचे डोळे पुसले होते, त्यावर जास्त लिहीत नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते म्हणजे तिने केलेलं परत न करणं. तिने कापलेल्या ओबडधोबड फोडी मी तिची पाठ वळली की बारीक करायचो, एकदा तिने पकडलं. काही बोलली नाही, सुरी खाली ठेवली आणि जाऊन बसली, पुढचे तीन दिवस स्वयंपाकघरात फिरकलीच नाही. तेव्हापासून फोडी पडतील तशा पडतात, परतायला जरा जास्त वेळ लागतो, एवढंच.

काल मी घाईत दांडा बाहेरच ठेवला होता. ही मटार सोडून उठली, दोन पावलं लांबच उभी राहिली, हात मागे बांधून, "बाबा, दांडा." मी वळवला. मग परत जाऊन बसली आणि विचारलं, "मी किती मोजले होते?"