ओरायन बारचं मॉडेल आणि ४००० केल्व्हिनचा अडथळा

क्लाउडी या वायुमेघांच्या वर्णपटाचं गणित करणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये ओरायन बारचं (ओरायन तेजोमेघातल्या, ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशाने उजळलेल्या वायूच्या पट्ट्याचं) मॉडेल चालवलं, हायड्रोजन-ऑक्सिजनच्या दृश्य वर्णरेषा झकास आल्या, पण आयनित कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा जेमतेमच. (हीच रेषा टीआयएफआरने हैदराबादहून बलूनवर सोडलेल्या एक मीटरच्या दुर्बिणीने काही मेघांत मोजली आहे.) अशा वेळी कार्बनचं प्रमाण वाढवत बसू नका. गणित का थांबलं, तो आउटपुटमधला शेरा आधी वाचा. वायू ४००० केल्व्हिनच्या खाली गेला की क्लाउडी आपणहून थांबतो, आणि आपला पीडीआर (अतिनील प्रकाश पोचतो, पण हायड्रोजन आयनित नसतो असा थर) तर तिथून पुढे सुरू होतो! ‘स्टॉप टेम्परेचर ऑफ’ लिहा आणि शेवट धुळीच्या विलोपनावर, म्हणजे धूळ किती प्रकाश अडवते त्यावर (एव्ही), ठरवा. एव्ही १० पुरे. ‘कॉस्मिक रेज बॅकग्राउंड’ही हवंच. खोल आत अतिनील प्रकाश पोचत नाही, तिथलं आयनीकरण वैश्विक किरणांच्या जिवावर चालतं; ते नसतील तर रेणूंचं गणित जुळतच नाही. ‘इटरेट’ (गणित पुन्हा करण्याची आज्ञा) नसेल तर बाहेरच्या बाजूची प्रकाशीय जाडी, म्हणजे तिथला वायू प्रकाश किती अडवतो ते, निव्वळ अंदाजाने धरली जाते.

खरी फसगत घनतेत होते. बारच्या पीडीआरची घनता दर घनसेंटिमीटरला ५०,००० ते १,००,००० म्हणून सुरुवातीलाच ४.७ (क्लाउडी घनतेचा १०-आधारी लॉग मागतो) टाकलं आणि दाब स्थिर ठेवला, की घात झाला. सुरुवात होते ताऱ्याकडच्या आयनित बाजूला, १०,००० केल्व्हिनला. तिथून वायू ५०० केल्व्हिनपर्यंत थंड होतो, शिवाय इलेक्ट्रॉन अणूंना परत चिकटल्याने कणांची संख्या निम्मी होते. दाब तोच राखायचा तर घनता सुमारे ४० पट वाढणार, म्हणजे थेट २० लाख. सुरुवात ३.५ ने करा. पीडीआरची घनता आपसूक लाखाच्या घरात येते. चुंबकीय दाब धरला तर वाढ कमी होते.

अतिनील प्रकाशाच्या तीव्रतेच्या एककांकडेही लक्ष असू द्या: १ ड्रेन म्हणजे १.७ हबिंग.

तुलना करताना आणखी एक पेच. क्लाउडी मेघ समोरून पाहतो, बार मात्र आपल्याला जवळपास कडेवरून दिसतो. प्रकाशीयदृष्ट्या पातळ रेषा त्यामुळे कितीतरी उजळतात; ऑक्सिजनची ६३ मायक्रॉनची रेषा प्रकाशीयदृष्ट्या जाड, ती तेवढी वाढत नाही. तिचं कार्बनशी गुणोत्तर सरळ जुळवलं तर घनता चुकीची निघते. ऑक्सिजनचीच १४५ मायक्रॉनची रेषा जास्त भरवशाची. आणि निरीक्षणातला थोडा कार्बन आयनित वायूतलाही असतो. मॉडेल फक्त पीडीआरचं असेल, तर नायट्रोजनच्या २०५ मायक्रॉन रेषेवरून तो वाटा काढून आधी वजा करा.