कोणत्या युद्धात?

आमच्या कोर्सचे स्नेहसंमेलन यंदा खडकवासल्याला झाले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून एकाच दिवशी बाहेर पडलेले आम्ही सारे एकमेकांना आयुष्यभर ‘कोर्समेट’च म्हणतो, मित्र हा शब्द त्याला तोकडा पडतो आणि भाऊ म्हणायला संकोच वाटतो. साठी ओलांडलेली ही मंडळी, कुणी बदललेल्या गुडघ्यांची, कुणी कानात यंत्र घातलेली, सकाळी ब्लेझर चढवून ‘हट ऑफ रिमेंबरन्स’समोर आली, तेव्हा कुणी न सांगताच उंचीप्रमाणे रांग लागली.

कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या माजी छात्रांची नावे तेथे कोरलेली आहेत. परेडच्या मैदानाला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचे नाव दिलेले आहे. पुण्यात जन्मलेला हा अधिकारी १९७१ च्या जूनमध्ये पूना हॉर्स या रणगाडा पलटणीत दाखल झाला, नगरचे प्रशिक्षण अर्धवट सोडून आघाडीवर गेला आणि १६ डिसेंबरला पाकिस्तानशी झालेल्या बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार देऊन, वयाच्या २१ व्या वर्षी कामी आला. त्या मैदानावर तीन वर्षे टाचा आपटताना युद्ध म्हणजे असेच समोरासमोरचे काहीतरी असणार, अशी आमची समजूत झाली होती. आमच्या वाट्याला आले ते जाफना.

२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर शांतिसेना म्हणून आम्ही श्रीलंकेत उतरलो आणि ऑक्टोबरमध्ये एलटीटीईच्या तमिळ वाघांशीच लढू लागलो. ११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या तीस जवानांपैकी एकच वाचला. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे बाराशे जण गेले होते. त्यांतला एक प्रबोधिनीत माझ्या शेजारच्या केबिनमधला, म्हणजे खोलीतला, होता.

त्याची मातृभाषा तमिळ होती. प्रबोधिनीत शिक्षा म्हणून सिंहगडावर पिटाळले जाई, तेव्हा चढताना तो माझ्याकडून मराठी शिव्या शिकत असे (उच्चार शेवटपर्यंत सुधारले नाहीत) आणि वर पोहोचल्यावर मला तमिळ शिकवत असे. जाफन्यात मात्र हीच भाषा त्याच्या मागे लागली. झडतीला निघालेल्या प्रत्येक तुकडीला दुभाषा हवा असे, म्हणून स्वतःची पाळी नसतानाही त्याला नेले जाई. ताडाच्या बनांतील घरांपुढे उभ्या असलेल्या बायका त्याचे बोलणे ऐकून आधी चकित होत आणि मग, आपल्याच भाषेत आलेल्या त्या सैनिकाकडे, आमच्याकडे पाहत त्याहून अधिक कडवटपणे पाहत, असे त्याने मला एकदा सांगितले होते. १९८८ मध्ये रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाने त्याचे वाहन उडवले. त्या दिवशीही पाळी त्याची नव्हती.

पुढे अनेक वर्षे त्याच्याविषयी सांगू लागलो की ऐकणारा हमखास विचारी, ‘कोणत्या युद्धात?’ श्रीलंका म्हटले की समोरचा माणूस गोंधळून गप्प बसे. शांतिसेनेतल्या मृतांचे स्मारक कोलंबोजवळ, ज्या देशात आम्ही कुणालाच नकोसे झालो होतो तेथे, संसदेच्या परिसरात उभे राहिले. दिल्लीतले राष्ट्रीय युद्धस्मारक २०१९ साली आले. हा क्रम मला अजूनही पटत नाही, आणि पटावा अशी इच्छाही नाही. आमच्यापैकी एक जण सहलीला गेला असताना वाट वाकडी करून त्या स्मारकापाशी गेला व त्याच्या नावाचे छायाचित्र घेऊन आला. संमेलनात ते छायाचित्र हातोहात फिरले, पण कुणी फारसे बोलले नाही.

संध्याकाळी मेसमध्ये चहा आला. वाढणारा मुलगा कप भरू लागला आणि आमच्यातल्या जाट, बंगाली, मराठी, साऱ्या म्हाताऱ्यांनी हात आडवा धरून एकच शब्द उच्चारला, ‘पोदुम्’. पुरे, असा त्याचा अर्थ. सिंहगडाच्या तिसऱ्या फेरीला तो कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या पाठीमागे हळूच हेच म्हणत असे. वाढणाऱ्या मुलाने विचारले, ‘साहेब, ही कुठली भाषा?’